गेम अर्धवट थांबला, पैसे दिलेल्या पोरांना काय सांगायचं?

शहापूरचा_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळ भागातली बरीच पोरं सध्या एका गोष्टीवरून नाराज आहेत. त्यांची नाराजी मला रास्त वाटते, म्हणून हा धागा काढतोय.

आपल्याच भागातल्या एका तरुणानं दिवाळीतल्या किल्ल्यांवर गेम करायला घेतला होता. दगड-विटा रचायच्या, मातीत बुडवलेलं गोणपाट त्यावर पांघरायचं, बुरूज थापायचे, मोहरी-हळीव पेरून रान उगवायचं, मावळे मांडायचे. डेमो मी स्वतः खेळलोय. माती जास्त ओली राहिली तर बुरूज हळूहळू बसतो आणि पायरीवर ठेवलेला मावळा कलंडतो. हे ज्याला सुचलं त्यानं लहानपणी अंगणात खरे किल्ले बांधलेत, हे लगेच कळतं.

डेमो इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या साइटवर फुकट होता. पूर्ण गेमसाठी यूपीआयवर ३०० रुपये आगाऊ. त्या बदल्यात तयार गेमची प्रत, महादरवाजाजवळच्या पाटीवर देणाऱ्याचं नाव, आणि मराठीबरोबर कन्नड आवृत्ती. माझ्या क्लासमधल्या पोरांनी खाऊचे पैसे साठवून दिले, काहींच्या आईवडलांनी दिले, मीही दिले. बेळगावातल्या मातीतला गेम जगभर दिसणार याचं अप्रूप सगळ्यांनाच होतं.

सुरुवातीला दर आठवड्याला व्हिडिओ यायचा. मग महिन्यातून एखादा. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहू शकेल अशी सेटिंग झाली आणि ॲडमिननंही लिहिणं सोडलं. बरेच महिने झाले. पैसे भरायचा क्यूआर कोड मात्र पानावर अजून आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. गेम पुरा झाला नाही हे मी समजू शकतो. चित्रं, कोड, आवाज, जाहिरात, सगळं एका माणसानं करायचं, तेही नोकरी शोधत, हे सोपं नाही. पण ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांना 'काम थांबलंय' एवढं सांगणं आणि नवे पैसे घेणं बंद करणं, या दोन गोष्टींना ना वेळ लागतो ना पैसा. त्या झाल्या नाहीत म्हणून पोरांचा विश्वास उडाला. उद्या या भागातला दुसरा कोणी काही नवं घेऊन उभा राहिला तर हीच पोरं हात आखडता घेतील, आणि मला त्याची जास्त काळजी आहे.

कृपया त्याचं नाव, गेमचं नाव, फोन नंबर इथं लिहू नका. मला त्याला बदनाम करायचं नाही. या धंद्यातले जाणकार इथं आहेत. असं होतं तेव्हा चांगली माणसं कशी वागतात, आणि आपण देणाऱ्यांनी नक्की काय मागावं, हे सांगा.

---

निपाणी_नाका

मी पण दिलेत ३००. सरळ बोलायचं तर पैसे खाल्ले. आमच्या भाच्याला मीच सांगितलेलं, दे म्हणून. आता तो मला विचारतोय, मामा गेम कधी येणार. मी काय सांगू?

---

पिक्सेल_गल्ली

नाका, 'खाल्ले' हा शब्द एवढ्यात नको. मी टिळकवाडीत बसून बाहेरच्या छोट्या स्टुडिओंसाठी गेमची चित्रं करतो. काम मधेच बंद पडलेले प्रकल्प जवळून पाहिलेत. पैसे घेऊन पळणारे असतात, पण अंदाज चुकलेले त्याहून पुष्कळ जास्त असतात.

आधी एक मूळ गोष्ट. अपुरा गेम विकायची पद्धत आता सर्रास आहे. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानानं २०१३ च्या मार्चमध्ये 'अर्ली अ‍ॅक्सेस' सुरू केलं, आणि तिथं स्टीम स्वतःच गिऱ्हाइकाला बजावतं की काही टीमना गेम पुरा करता येणार नाही, तेव्हा आज आहे त्या अवस्थेत खेळायला आवडणार असेल तरच घ्या. घेतल्यापासून १४ दिवसांत, २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. २०२५ च्या सुरुवातीपासून आणखी एक चांगली गोष्ट झाली. वर्षभराहून जास्त काळ अपडेट नसेल तर विकत घेण्याच्या पानावरच तशी सूचना दिसते. म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या सगळ्यात मोठ्या दुकानालासुद्धा हा आजार मान्य आहे.

आता उदाहरणं. डबल फाइन हा नावाजलेला स्टुडिओ. त्यांचा 'स्पेसबेस डीएफ-९' ऑक्टोबर २०१३ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला आला. पुढं काय काय देणार याची लांबलचक यादी दिली होती. विक्रीतून खर्च निघेना, तेव्हा वर्षभरात यादीतलं पुष्कळसं सोडून देऊन त्याला 'आवृत्ती १.०' म्हटलं आणि काम थांबवलं. लोक भयंकर चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. तरी त्यांनी दोन गोष्टी केल्या. पैसे संपले हे उघड सांगितलं, आणि गेमचा लुआ भाषेतला कोड लोकांसाठी खुला केला. पुढच्या दुरुस्त्या चाहत्यांनी केल्या.

याच्या उलट 'द स्टॉम्पिंग लँड'. डायनासोरचा गेम, २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे जमवायच्या साइटवर १ लाख १४ हजार डॉलर जमले, मे २०१४ मध्ये स्टीमवर विक्री सुरू झाली, आणि मग करणारा माणूस गप्प झाला. शेवटी स्टीमवरची विक्री बंद पडली. त्या गेमची आज आठवण काढली जाते ती फक्त गप्प बसण्यासाठी.

आणि एक 'प्रोजेक्ट झोम्बॉइड'. २०११ मध्ये त्यांच्याकडे चोरी झाली, दोन लॅपटॉप गेले, त्यात गेमचा कोड होता, आणि बाहेर कुठं ताजा बॅकअप नव्हता. आगाऊ पैसे घेतलेले होते. त्यांनी ते लोकांना सांगितलं. शिव्या खाल्ल्या. मग परत लिहायला बसले. तो गेम आज लाखो लोक खेळतात आणि अजून नव्या आवृत्त्या येतात. चोरी झाल्याचं लपवलं असतं तर पुढच्या वर्षांत कोणी त्यांच्याबरोबर राहिलं असतं असं मला वाटत नाही.

---

चिकोडीकर

> त्या गेमची आज आठवण काढली जाते ती फक्त गप्प बसण्यासाठी.

हे सरसकट पटत नाही. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि आला सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात तो करणारे टीम चेरीवाले वर्ष-वर्ष काही बोलत नव्हते. आला त्या दिवशी मात्र लोकांची एवढी झुंबड उडाली की दुकानांची पानं उघडेनात. मग गप्प बसल्यानं विश्वास जातो हे कसं?

---

पिक्सेल_गल्ली

मुद्दा चांगला काढलात. पण हिशेब नीट बघा. टीम चेरीनं २०१४ मध्ये किकस्टार्टरवर ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर घेतले, २,१५८ लोकांकडून. त्या पैशांचा मूळ गेम, 'हॉलो नाइट', त्यांनी २०१७ मध्ये पुरा दिला, वर बरीच भर फुकट घातली. 'सिल्कसाँग' हा त्याच वेळच्या एका वचनातून निघाला, दुसरं पात्र घेऊन खेळता येईल या वचनातून. ते वाढत वाढत वेगळा गेम झालं, आणि जुन्या त्या सगळ्या देणाऱ्यांना तो फुकट देणार हे त्यांनी २०१९ मध्येच सांगून ठेवलं. मधल्या गप्प वर्षांत त्यांनी 'सिल्कसाँग'साठी कोणाकडून आगाऊ एक पैसा घेतला नाही. पहिला शब्द पाळलेला, आणि पुढचं उधार नाही, म्हणून लोक थांबले.

आमच्या पोराची ही पहिलीच वेळ. मागं पाळलेलं वचन काही नाही, पुढचे पैसे घेतलेले. त्याला गप्प बसणं परवडत नाही.

---

मलप्रभेकाठी

मी खानापुरात राहते, मोबाइलसाठी छोटे शैक्षणिक गेम करते. इथं आतापर्यंत एका गोष्टीवर कोणी बोललं नाही, ती म्हणजे असा गेम अडकतो कुठं. ते कळल्याशिवाय त्या मुलाला न्याय मिळणार नाही.

तो डेमो मीही बघितलाय. युनिटी या गेम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये (इंजिनमध्ये) केलेला आहे. आता युनिटीत मराठी लिहून बघा. अक्षरं दाखवायला तिथं जे नेहमीचं साधन वापरतात ते देवनागरी जुळवत नाही. 'किल्ला' टाइप केलं तर वेलांटी 'क'च्या आधी यायच्या ऐवजी नंतर येते, आणि 'ल्ल' तुटून पाय मोडलेला एक ल आणि शेजारी दुसरा ल असं दिसतं. कन्नडमध्ये ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, खाली लागायला पाहिजे, तेही लागत नाही. मग तुम्ही काय करता? एकेक वाक्य चित्र म्हणून काढून चिकटवता. डेमोतल्या पाट्या नीट बघा, सगळ्या चित्रं आहेत. डेमोत वीस-तीस वाक्यं असतात तोवर चालतं. पूर्ण गेममध्ये शेकडो वाक्यं, दोन भाषांत, आणि वर प्रत्येक देणाऱ्याचं नाव पाटीवर. प्रत्येक नावाचं चित्र! ते वचन देताना त्याला हे दिसलं नसणार. दोन भाषा म्हणजे दुप्पट मजकूर एवढाच हिशेब त्यानं केला असणार.

त्यात सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीनं जाहीर केलं की गेम जेवढ्या वेळा इन्स्टॉल होईल त्यावर पैसे आकारू. त्यात किमान विक्रीच्या अटी होत्या, छोट्यांना कदाचित काही भरावं लागलं नसतं, पण उद्या नियम परत बदलले तर काय, या भीतीनं कितीतरी लोकांनी इंजिन बदललं. वर्षभरानं, सप्टेंबर २०२४ मध्ये, ती आकारणी रद्द झाली. तोपर्यंत अनेकांचं काम अर्धं इकडं, अर्धं तिकडं झालेलं होतं. गोडो हे इंजिन फुकट आणि खुलं आहे, आणि त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरी, कन्नड दोन्ही व्यवस्थित जुळतात. पण इंजिन बदलणं म्हणजे चित्रं तेवढी वाचतात, कोड जवळजवळ सगळा परत. मातीचा बुरूज बसतो ती करामत परत. साठवलेला किल्ला परत उघडायची सोय परत.

मोबाइलवर आणायचं ठरवलं तरी अडथळे आहेत. गूगल प्लेवर नवं वैयक्तिक खातं असेल तर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी हा आकडा २० होता. म्हणजे काम संपलं तरी दुसऱ्या दिवशी दुकानात लागत नाही.

हे सगळं मी सबब म्हणून सांगत नाही. उलट माझं म्हणणं असं आहे की यातलं प्रत्येक कारण लोकांना सांगता येण्यासारखं आहे. 'वेलांटी चुकीच्या जागी पडतेय, हा बघा फोटो' एवढी पोस्ट त्यानं टाकली असती तर मास्तरांच्या क्लासमधल्या पोरांनी ती कुतूहलानं वाचली असती. पैसे दिलेल्या माणसाला अडचण कळली की तो थोडा वेळ थांबायला तयार असतो.

---

येळ्ळूरकर_आई

मी तांत्रिक काही जाणत नाही. माझ्या मुलीनं पैसे दिले होते. पाटीवर आजोबांचं नाव घालायचं म्हणून तिनं त्यांचंच नाव कळवलेलं. आजोबा दर दिवाळीला राजहंसगडासारखा किल्ला करून द्यायचे. ते यंदा वारले.

३०० रुपयांबद्दल माझी काही तक्रार नाही. ती पोरगी रोज ते पान उघडून बघते. होणार नसेल तर होणार नाही म्हणून सांगून टाका. तिला मी समजावीन. पण 'लवकरच' असं लिहून ठेवलंय ते काढा.

---

निपाणी_नाका

ताई, वाचून वाईट वाटलं. मी वर जे बोललो ते रागात होतं.

---

हिशेबनीस

पैशांबद्दल थोडं स्पष्ट बोलू या. मी हिशेब तपासणीच्या कामात आहे.

पहिला प्रश्न, हे ३०० रुपये नक्की कशाचे? 'गेमची प्रत मिळेल' असं लिहून घेतले असतील तर ती आगाऊ किंमत झाली, आणि माल न दिल्यास परत मागायचा तुमचा हक्क आहे. 'आमच्या कामाला हातभार लावा' एवढंच लिहिलं असेल तर ती देणगीसारखी रक्कम होते, आणि ग्राहक म्हणून दावा सांगणं अवघड जातं. मास्तरांनी लिहिलंय त्यावरून ही पहिल्या प्रकारची आहे. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. हे माहितीसाठी सांगतो. ३०० रुपयांसाठी आपल्याच गावच्या पोराला आयोगापुढं उभं करावं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या वाट्याला आलेले पैसे 'मिळकत' नव्हते, 'देणं' होतं, हे त्याला कळायला पाहिजे.

दुसरं, किकस्टार्टरची एक पद्धत मला फार आवडते. ठरवलेली रक्कम पुरी जमली तरच पैसे वळते होतात, नाहीतर कोणाचाच पैसा जात नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' या गेमसाठी २०१७ मध्ये असा प्रयत्न केला होता. रक्कम जमली नाही, कोणाचं काही अडकलं नाही. तरी त्यांनी गेम सोडला नाही आणि २०२० मध्ये बाजारात आणला. यूपीआयच्या क्यूआर कोडला ही सोय नाही. पहिला रुपया पडला की तुम्ही बांधले गेलात, मग बाकीचे पडोत न पडोत. किकस्टार्टरनं २०१४ मध्ये नियमात हेही घातलं की काम पुरं करता येत नसेल तर करणाऱ्यानं कुठवर पोचलो, पैसे कशावर खर्चले, का अडलं, हे देणाऱ्यांना सांगायचं आणि उरलेले पैसे परत करायचे. अमेरिकेतल्या कंपनीचा नियम आहे, पण आपल्याकडं हे नवीन नाही. गल्लीचं मंडळ वर्गणी घेतं, गणपती गेला की जमाखर्च फलकावर लावतं. पाचशे रुपये कमी पडले, मांडववाल्याचे द्यायचे राहिले, हेही त्यात असतं. लोक वाचतात, दोन प्रश्न विचारतात, आणि पुढच्या वर्षी परत वर्गणी देतात.

तेव्हा त्याच्याकडं एवढंच मागा: किती जमले, कशावर गेले, किती उरले. एक पान पुरे.

---

उद्यमबाग_दुसरी_पाळी (नवीन सदस्य)

मी त्याचा मित्र. दोन दिवस हा धागा वाचालोय, लिहू की नको असं झालेलं. त्याला विचारूनच लिहितोय.

त्याचे वडील आजारी पडले आणि त्याला उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला लागावं लागलं. माझ्याच पाळीत आहे. बारा वाजता घरी पोचतो. सुरुवातीला रात्री बसायचा कोड घेऊन. मलप्रभेकाठी मॅडमनी वेलांटीचं जे लिहिलंय ते अगदी तसंच आहे, गोडोमध्ये परत लिहायला घेतलेलं, ते अर्ध्यावर आहे. मग ग्रुपवर रोज विचारणा यायला लागली, कधी येणार, कधी येणार. उत्तर द्यायला तोंड नाही म्हणून त्यानं ग्रुप बंद केला. आता तो फोन बघायलासुद्धा घाबरतोय. मी म्हणालो, सगळे कच्चं खायला टपलेत असं नाही रे, हे वाच की. येळ्ळूरच्या आईंचं वाचून तो रडला.

आकडे त्यानं सांगितलेत ते लिहितो. यादीत दीडशेच्या आसपास नावं आहेत. पंचेचाळीस हजारांच्या घरात जमले. ड्रॉइंग टॅबलेट घेतला, हलगी आणि सनई वाजवणाऱ्यांना रेकॉर्डिंगचे दिले, थोडे कॉम्प्युटरची रॅम वाढवायला. उरलेले दवाखान्यात गेले. हातात आता काही नाही. क्यूआर कोड आणि 'लवकरच' हे दोन्ही आज सकाळी काढलंय.

---

शहापूरचा_मास्तर

भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. त्याला सांगा, वडलांची तब्येत आधी. त्यात कोणाचं दुमत नाही.

'क्यूब वर्ल्ड' म्हणून एक गेम होता. २०१३ मध्ये त्याची अपुरी आवृत्ती विकली गेली, आणि करणारा माणूस कित्येक वर्षं जवळपास गायब झाला. २०१९ मध्ये परतला तेव्हा त्यानं लिहिलं की सुरुवातीलाच त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला, त्याचा त्याच्या मनावर खोल परिणाम झाला, चिंता आणि नैराश्य आलं. ते वाचून लोकांचा राग निवळला. पण तोवर सहा वर्षं गेली होती, आणि गेमही एवढा बदललेला की जुने खेळणारे हिरमुसले. ते पत्र पहिल्या वर्षी आलं असतं तर त्या माणसाचंही ओझं हलकं झालं असतं असं मला नेहमी वाटतं. आपल्या मुलावर तेवढी वर्षं जाऊ नयेत.

मी त्याच्या वतीनं कच्चा मजकूर लिहितो. त्यानं आपल्या शब्दांत बदलावा:

'गेमचं काम सध्या थांबलं आहे. घरातल्या आजारपणामुळं मला नोकरी करावी लागते आहे. तयार होण्याची तारीख मी आज देऊ शकत नाही, म्हणून देत नाही. तुमच्याकडून एकूण एवढे रुपये आले, ते असे असे खर्च झाले, हातात शिल्लक नाही. ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांनी कळवा, दर महिन्याच्या पगारातून जमेल तसे, मागणीच्या क्रमानं परत करीन आणि कोणाला दिले ते पानावर लिहीत जाईन. ज्यांना थांबायचं आहे त्यांचं नाव यादीत कायम राहील. पुढची खबर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, काही झालं नसेल तर काही झालं नाही असं लिहीन.'

दवाखान्याचा खर्च लिहायचा की नाही हे त्यानं ठरवावं. माझं मत, लिहावा. लपवला आणि नंतर कळला तर जास्त लागेल.

माझ्या क्लासमधल्या पोरांना मी विचारलं. बहुतेक सगळी थांबायला तयार आहेत. दोघांना पैसे हवेत, आणि त्यांनी ते बिनदिक्कत मागावेत. त्यावरून त्यांना कोणी बोलायचं नाही.

---

मलप्रभेकाठी

मजकूर चांगला आहे. एक वाक्य वाढवा, कोडबद्दल. 'मी परत काम सुरू करू शकलो नाही तर अमुक महिन्यात कोड खुला करीन.' म्हणजे काम पडून राहणार नाही. पण ते लिहायच्या आधी एक तपासा: युनिटीच्या ॲसेट स्टोअरवरून (तयार चित्रं, आवाज, कोड मिळतात ते दुकान) विकत घेतलेलं जे काही आत असेल, ते कोडबरोबर वाटता येत नाही, परवान्यात बसत नाही. ते बाजूला काढावं लागेल. हलगी-सनईवाल्यांनाही विचारावं लागेल, त्यांचं वाजवणं या गेमपुरतं दिलेलं आहे.

आणि पगारातून दर महिन्याला किती जमेल हे आधी मोजा. भावनेच्या भरात मोठा आकडा लिहू नका. दोन हजार लिहून दोन हजार दिले तर लोक मानतील. पाच लिहून तीन महिन्यांत बंद पडलं तर परत पहिल्यापासून.

पाटीवरची नावं हे काम सगळ्यात आधी करता येईल. गोडोत ती टाइप करून नीट दिसतात, चित्र काढायला नको. एकच दृश्य, महादरवाजा आणि पाटी. तेवढं वेगळा छोटा डेमो म्हणून द्या. मी बसते बरोबर, एका रविवारचं काम आहे. येळ्ळूरच्या मुलीला आजोबांचं नाव दिसलं पाहिजे.

---

येळ्ळूरकर_आई

तुम्हा सगळ्यांचे आभार. आम्हाला पैसे परत नकोत. वडलांना बरं वाटू दे त्यांच्या.

---

निपाणी_नाका

भाच्याला सांगितलं सगळं. तो म्हणाला थांबतो. मला एकच हवंय, ग्रुप परत उघडा. लोक चार शब्द बोलतील, ऐकून घ्यावं लागेल, पण आठ दिवसांत सगळं शांत होतंय बघा. पाहिजे तर दुसरा ॲडमिन नेमा, मी होतो. 'कधी येणार' विचारणाऱ्यांना मी उत्तर देतो.

---

उद्यमबाग_दुसरी_पाळी

त्याला सगळं वाचून दाखवलं. हो म्हणाला. महिन्याला दीड हजार जमेल म्हणतोय, त्याहून जास्त लिहिणार नाही. कोडसाठी पुढची दिवाळी ही मुदत घालालाय. मजकूर तो स्वतः लिहितोय, रविवारी पानावर आणि ग्रुपवर दोन्हीकडं येईल. त्याला एकच काळजी आहे, कन्नड आवृत्तीचं वचन. यादीत कन्नड बोलणारी बरीच आहेत, आणि त्याला स्वतःला लिहिता येत नाही एवढं नीट.

---

गोकाकचा_वाचक

माझं घरचं बोलणं कन्नड, शाळेत मराठी मित्रांमुळं मराठी वाचायला लागलो. मीही पैसे दिलेत, कन्नडमध्ये खेळायला मिळणार म्हणूनच दिले. कन्नड मी करून देतो, पैसे नकोत. रविवारचं निवेदनही कन्नडमध्ये पाहिजे, नाहीतर आमच्याकडच्या लोकांना वाटेल की त्यांना कोणी काही सांगितलंच नाही.

सगळी वाक्यं एका शीटमध्ये टाका. पहिल्या रकान्यात मराठी, दुसरा कन्नडसाठी रिकामा, आणि तिसऱ्यात ते वाक्य कुठं दिसतं ते लिहा, बटणावर, पाटीवर की मावळ्याच्या तोंडी. बटणावर जागा कमी असते, तिथं मी छोटा शब्द घेईन. आणि आधी निवेदन पाठवा, गेमची वाक्यं नंतर सावकाश आली तरी चालतील.